लाकडी सुरय

आमच्या किनाऱ्यावर सुरय पक्ष्यांनी पुन्हा अंडी घालावीत म्हणून आमच्यातल्या हातानो-सानांनी हिवाळाभर बसून लाकडाचे सुरय कोरले आणि वसंतात ते वाळूवर मांडले. खोटी वस्ती बघून खरे पक्षी उतरतात, असा आम्हा पक्षीवेड्यांचा भरवसा. उन्हाळा लागला आणि एक खरा नर उतरलाच! चोचीत चकाकता मासा धरून तो थेट एका लाकडी मादीपुढे गेला आणि मान लववून उभा राहिला.

"मागणी घालतोय!" दुर्बिणीला डोळा लावलेले हातानो-सान कुजबुजले. "मी कोरलेलीला!"

आमचा ऊर भरून आला. मादी मात्र ढिम्म. तो उडाला, दुसरा ताजा मासा घेऊन आला. ती ढिम्मच.

तेवढ्यात मागच्या कुरणातून हातानो-सानांच्या पत्नी किनुए-सान डबा घेऊन आल्या. नवरा हिवाळ्यातली बदकं बघत असो की कुरणातले चंडोल, किनुए-सानांचा डबा कधी चुकला नाही. त्यांनी जरा वेळ तो प्रकार पाहिला आणि त्या पक्ष्यालाच म्हणाल्या, "अरे बाबा, सोड नाद. लाकडाला मासे भरवून काही होत नसतं. लग्न झाल्यापासून मी तेच करतेय."

आम्ही कसंबसं हसू दाबलं. हातानो-सानांना काही ऐकूच गेलं नव्हतं. दुर्बिणीवरचा डोळा न हलवता त्यांनी नुसता आ केला.

किनुए-सानांनी मासा भरलेला भाताचा गोळा त्यात कोंबला.

सुरयाने ते पाहिलं असावं. तो नव्या उमेदीने तिसरा मासा आणायला निघाला.