डाव्या हाताची काडी

चिंपांझी मादीने बांबूची काडी उचलली, तिचं टोक दातांनी चावून मऊ केलं आणि ओंडक्याच्या भोकात घालून मध चाटायला सुरुवात केली. पिंजऱ्याबाहेर बसलेल्या तिच्या रखवालदाराने, सोपानने, वहीत खूण केली. डावा हात. सकाळपासूनची ही एकतिसावी खूण.

"बाई, ही पहिल्यापासनं डावखुरीच," तो शेजारच्या संशोधक बाईंना म्हणाला. "बदाम फोडायचा तरी दगड डाव्याच हातात."

"तुम्ही उजव्याची सवय नाही लावली?"

सोपानला हसू आलं. "तिला काय पंगतीत बसायचंय? सुखानं खातीये, खाऊ दे की. मुक्या जिवाच्या हातावर कोण मारेल?"

बोलून गेला आणि त्याचं हसू तिथंच विरलं.

संध्याकाळी तो घरी पोचला. दारात चपलांचा आवाज होताच, अभ्यासाला बसलेल्या त्याच्या सहा वर्षांच्या लेकीने, रेवतीने, पेन्सिल चटकन उजव्या हातात घेतली. अक्षर ओळीखाली घसरलं. डावा हात तिने फ्रॉकच्या घेरात लपवला. डाव्याने लिहिते म्हणून काल त्यानेच मारलेल्या फूटपट्टीचा वळ त्यावर अजून होता.

सोपान तिच्यासमोर मांडी घालून बसला. त्याने तो लपवलेला हात धरून बाहेर काढला, तसे तिने डोळे घट्ट मिटून घेतले. त्याने त्या हातात पेन्सिल ठेवली.

"लिही. याच हातानं लिही."

रेवतीने एक डोळा किलकिला केला आणि आधी फूटपट्टी कुठे आहे ते पाहिलं.