शेजारचे माग

पडद्यावरची रेषा पुन्हा घसरली. रुपालीनं टेबलावर मूठ आपटली आणि टेबल हललं म्हणून स्वतःलाच शिवी घातली.

केसाहून बारीक सिलिकॉनची पट्टी, तिच्यावर सोन्याचा मुलामा. लेसरनं तापवली की ती किती वाकते, एवढंच मोजायचं. पण तापवायच्या आधी ती दोन मिनिटं तरी गप्प राहायला हवी ना! पीएच.डी.चं चौथं वर्ष सरत आलं होतं. सर रोज एकच प्रश्न विचारायचे आणि तिच्याकडे रोज एकच उत्तर असायचं: शेजारचे माग.

कॉलेजच्या भिंतीला लागून मल्लेशचे चार यंत्रमाग तीस वर्षं खडखडत होते. शेड संस्थेचीच. रुपालीनं अर्ज केला, सरांनी शिफारस केली, संस्थेनं शेड रिकामी करायला सांगितली. संशोधनासाठी एवढं तर करायलाच हवं, असं सगळेच म्हणाले.

आज सकाळपासून भिंतीपलीकडं चिडीचूप होतं. तरी रेषा घसरली. तशीच, तेवढीच.

रडावं की काहीतरी फोडावं, तिला कळेना. तिनं कूलर बंद केला, पंखा बंद केला. घामानं निथळत एकेक गोष्ट तपासली. शेवटी उरला दुसरा लेसर, इवलासा लाल ठिपका. तो तापवण्यासाठी नव्हताच, पट्टीकडे नुसतं बघण्यासाठी होता. नीट दिसावं म्हणून तिनंच तो दोन वर्षं पूर्ण वाढवून ठेवला होता. चिडूनच तिनं तो अगदी मंद केला.

रेषा सरळ झाली. दोन मिनिटं राहिली. दहा मिनिटं राहिली.

म्हणजे बघता बघता ती स्वतःच पट्टीला तापवत होती. नाचता येईना, अंगण वाकडं! आणि अंगण तरी कुणाचं?

ती धावतच खाली आली. भंगारवाल्याच्या टेम्पोत शेवटचा माग चढत होता. मल्लेश दोर आवळत होता.

"मल्लेशकाका!"

त्यानं वळून पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, हेच तिला सोसवेना.

"काय ताई, आता तरी नीट चालतंय की तुमचं यंत्र?"

खरं सांगायलाच ती आली होती.

"व्हय काका," ती म्हणाली. "आता लई नीट चालतंय."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.