एइनारची जागा

मे महिना लागला, बर्फ फुटून सरोवर मोकळं झालं आणि वॉलाय मासा धरायच्या मोसमातला पहिला दिवस उजाडला. म्हाताऱ्या एइनारची मोटरबोट धक्क्यावरून सुटली, तशा तीन बोटी तिच्या मागे लागल्या; कारण त्याची माशांची जागा अख्ख्या गावात कुणाला ठाऊक नव्हती. मागे लागणाऱ्यांना चकवायला आधी भलतीकडेच जायचं, पाइनच्या बेटाला वेढे घालायचे, ही त्याची जुनी खोड. पोटच्या पोरीवरसुद्धा भरवसा नाही! लहानपणी सिग्नेला बोटीत न्यायचा तेव्हा वाट दिसू नये म्हणून तिच्या तोंडावर आपलं जाकीट टाकायचा.

यंदा तर त्याने कहरच केला. बेटाला वेढ्यावर वेढे घातले, तरी थांबेना.

"अरे लबाड कोल्ह्या, मरताना तरी सांगशील का?" मागे लागलेल्या एका बोटीतून ऑर्विल ओरडला आणि शिव्या घालत परत फिरला. त्याच्यामागोमाग बाकीचेही गेले.

बापासोबत बोटीत बसलेल्या सिग्नेची हसून हसून पुरेवाट झाली. "गेले हो बाबा सगळे! न्या आता जागेवर," असं म्हणत तिने गमतीने त्याचं जाकीट तोंडावर ओढून घेतलं.

इंजिन बंद झालं. पाणी बोटीला थापट्या मारू लागलं.



"जाकीट काढ गं, पोरी," एइनार म्हणाला. "चकवायची वळणं सगळी आठवतायत... जागा तेवढी आठवत नाही."