तोंडातले काटे

आजी आणि नातवंडाने जोडीने बसायचं, असा त्या रविवारचा नियम होता. म्युझियमने टेबलावर नावांची कार्डंही तशीच जोडीजोडीने मांडली होती. नऊ वर्षांच्या उर्जाने आपलं कार्ड उचललं आणि ती वर्गातल्या लेनाशेजारी, लेनाच्या आजीला खेटून जाऊन बसली. मीराबाई टेबलाच्या टोकाला एकट्या उरल्या.

“तिला जवळ बसव, आई. काम करता करता बोलेल ती,” मुलाने सकाळी बजावलं होतं. भंडाऱ्याहून जर्मनीतल्या येनाला येऊन मीराबाईंना तीन महिने झाले होते. एवढ्या दिवसांत नातीच्या तोंडून मराठीचा एक शब्द निघाला नव्हता. समजायचं सगळं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. आजीलाही ती ‘ओमा’ म्हणायची. मीराबाई हसून मान डोलवायच्या आणि न्हाणीघरात जाऊन रडायच्या.

काट्यांची नक्षी शिकवायला अमेरिकेतून डोरीन नावाची बाई आली होती. तिथल्या डकोटा या आदिवासी जमातीची, साठीची, रुंद हातांची. तिने सगळ्यांकडे बघून मान लववली तेव्हा मीराबाईंनी सवयीने हात जोडून “जयभीम” म्हटलं. डोरीननेही हात जोडले. कोणीतरी खुदकन हसलं.

प्रत्येकापुढे चामड्याचा तुकडा, बशीत बारीक मणी आणि साळिंदराचे रंगवलेले काटे होते. मीराबाईंनी एक उचलून न्याहाळला. गावाकडच्या सायाळीचा काटा वीतभर लांब आणि चांगला जाडजूड. हा म्हणजे खराट्याच्या काडीचं लेकरू. काटा वाडग्यातल्या पाण्यात भिजवायचा, चमच्याने दाबून चपटा करायचा आणि चामड्यावर दुमडत टाचायचा, असं म्युझियमच्या केसलरबाईंनी चित्र दाखवून समजावलं.

पाणी गार झालं होतं. मीराबाईंचा पहिला काटा दुमडताना तडकला. दुसराही तडकला. पलीकडे लेनाची आजी उर्जाचा हात धरून तिला दोरा ओवायला शिकवत होती आणि उर्जा तिच्याशी भरभरून बोलत होती. मीराबाईंनी नजर खाली वळवली, तिसरा काटा घेतला आणि सरळ गालात धरला. चटई विणताना शिंदीचं पातं कडक झालं की हेच तर करायचं.

“नाइन, नाइन! बिट्टे!” केसलरबाई धावत आल्या. तोंडात घालायचं नाही, असं त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवून दाखवलं. सगळं टेबल बघू लागलं.

“ओमा! एकेलहाफ्ट!” उर्जा लालबुंद होऊन ओरडली. शब्द नवा असला तरी नातीला आपली किळस आली आहे, हे मीराबाईंना चेहऱ्यावरून कळलं. शरमेने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डोरीन उठली. आता हीसुद्धा रागावणार, असं वाटून मीराबाई काटा काढायला लागल्या. पण डोरीनने खुर्ची ओढली, त्यांच्या शेजारी बसली, स्वतःच्या पत्र्याच्या डबीतून चार काटे काढले आणि गालात धरले. मग त्यातला एक तिने दातांमधून सर्रकन ओढला. तो फितीसारखा चपटा होऊन बाहेर आला. वाडगं आणि चमचा ही म्युझियमची पद्धत होती. तिच्या घरचं काम असंच चालायचं. तिने डबी मीराबाईंपुढे सरकवली. केसलरबाई दोन पावलं मागे सरल्या.

मग दोघी कामाला लागल्या. गाल भरलेले, त्यामुळे बोलायचा प्रश्नच नव्हता, आणि बोलून तरी एकीचं दुसरीला काय कळणार होतं? मीराबाईंना तीन महिन्यांत पहिल्यांदाच कोणाच्या तरी शेजारी बसल्यासारखं वाटलं.

थोड्या वेळाने डोरीनने तोंडातले काटे काढून केसलरबाईंना इंग्रजीत काही विचारलं. केसलरबाईंनी ते जर्मनमध्ये उर्जाला सांगितलं. उर्जा नाइलाजाने उठून आली. आता जर्मनने भागणार नव्हतं.

“आजी,” ती म्हणाली. “ती विचारते... तुझ्या गावात... किती बायका बसायच्या? असं काम करायला?”

मीराबाईंच्या तोंडात पाच काटे होते. त्यांनी दोन्ही हातांची बोटं वर केली. मग आणखी चार.

“फीअरत्सेन,” उर्जाने सांगितलं. ते इंग्रजीत पोचलं तशी डोरीन हसली. आमच्याकडेही तेवढ्याच, असं तिने हातानेच दाखवलं.

उर्जा परत जागेवर गेली नाही. आजीने दुमडलेल्या काट्यांच्या रांगेवरून तिने बोट फिरवलं.

“आणि इथे... येनात?” तिने विचारलं. हे तिला कोणी विचारायला सांगितलं नव्हतं.

काटे काढून बोलता आलं असतं. याच एका प्रश्नाची मीराबाई तीन महिने वाट बघत होत्या. पण तोंड उघडलं तर रडू फुटेल, अशी त्यांना धास्ती वाटली. त्यांनी चामड्यावरची नजर न उचलता एक बोट वर केलं आणि ते स्वतःकडे वळवलं.

“वास झाग्ट झी?” काय म्हणतात आजी, असं केसलरबाईंनी उत्साहाने विचारलं.

एवढासा आकडा. उर्जाला तो तीन भाषांत येत होता. तिने एकाही भाषेत सांगितला नाही.