अकरा लेफ्ट बॅक

“लेफ्ट बॅकवाले इकडे या,” फुटबॉल क्लबचे कोच शेख मोख्तार म्हणाले, आणि लुत्फी छाती काढून पुढे झाला. त्याच्याबरोबर आणखी दहा जण पुढे झाले.

लुत्फीला काही कळेना. ओरान शहरातल्या त्या धुळीच्या मैदानावर आजवर कोणी आपणहून लेफ्ट बॅक झालेलं नव्हतं. ज्याला कुठेच घेत नाहीत त्याला तिथे, डाव्या बाजूला बचावासाठी, उभं करायचं, अशीच रीत होती. म्हणून तर पाच महिन्यांपूर्वी जिलालीकाकांनी आपल्या कॉफीच्या दुकानात त्याला जवळ बसवून हळूच सांगितलं होतं, “बाळा, स्ट्रायकर व्हायला अख्खी वस्ती धावते. तू लेफ्ट बॅक हो. डावा पाय तयार कर. शेख दारात उभे राहून तुझी वाट बघतील. आणि हे कोणापाशी बोलू नकोस.”

लुत्फी बोलला नाही. तो जन्माचा स्ट्रायकर, निदान स्वतःच्या मते तरी. पण तेरा वर्षांखालच्या संघात शिरायची ही शेवटची निवड होती, पुढच्या वर्षी त्याचं वय उलटणार होतं. त्याने स्ट्रायकरच्या नऊ नंबरच्या जर्सीचं स्वप्न गुंडाळून ठेवलं आणि कामाला लागला.

उजव्या पायात चप्पल, डाव्या पायात बूट अशा थाटात तो मासळी बाजारामागच्या भिंतीवर रोज दोनशे वेळा चेंडू मारायचा. डावी बाजू पक्की व्हावी म्हणून दातही डाव्या हाताने घासायला लागला. तिथवर कोणाची हरकत नव्हती. मग एका शुक्रवारी त्याने कुसकुस खायचा चमचा डाव्या हातात धरला, आणि आजीने आपला चमचा त्याच्या बोटांवर हाणला.

“डाव्या हाताने सैतान जेवतो. तुला काय झालंय?”

“सराव करतोय, आजी.”

“मग जा, सैतानाच्या संघात खेळ. माझ्या परातीत नाही.”

त्याची बहीण झिनेब त्याच्याहून वर्षाने मोठी आणि पळायला भलती चपळ. रोज संध्याकाळी ती चेंडू घेऊन त्याच्या अंगावर यायची आणि त्याला चकवून खिदळायची. तिसऱ्या महिन्यात एकदा लुत्फीने तिच्या पायांकडे न बघता कमरेकडे बघितलं आणि चेंडू अलगद काढून घेतला. झिनेब तशीच दोन पावलं रिकामी पळाली, मग थांबून खाली बघायला लागली. गोल मारूनही लुत्फीला इतका आनंद कधी झाला नव्हता. हे मात्र त्याने कोणाला सांगितलं नाही. लेफ्ट बॅक होऊन आनंद झाला, असं चारचौघांत कबूल करायची सोय नसते.

आता मैदानावर त्याच्या शेजारी त्याच्याच इमारतीतला, वरच्या मजल्यावरचा तायेब उभा होता. त्याच्याही डाव्या पायातला बूट पार झिजला होता आणि उजवा नव्यासारखा होता.

“तुला कोणी सांगितलं रे?” लुत्फीने विचारलं.

“जिलालीकाकांनी. कोणाला बोलू नकोस म्हणाले. तुला?”

“मलापण तेच म्हणाले,” तिसरा मध्येच म्हणाला. ओळीच्या टोकापर्यंत तेच नाव फिरून आलं.

“स्ट्रायकरवाले तिकडे,” शेख म्हणाले.

एकटा सोफियान गेला. केस नीट विंचरलेले, बूट दोन्ही पायांत कोरे. सोफियान म्हणजे जिलालीकाकांचा मुलगा.

अकरा माना कुंपणाकडे वळल्या. पलीकडे उभे असलेले जिलालीकाका एकाएकी आभाळ न्याहाळायला लागले. आभाळात बघण्यासारखं काही नव्हतं. काकांनी आपल्या पोळीवर तूप कसं ओढून घेतलं होतं, ते पोरांना एकदमच उमगलं.

शेखांनी टक्कल खाजवलं. “मला एक लेफ्ट बॅक हवाय, एक स्ट्रायकर. अकरा लेफ्ट बॅकचं काय लोणचं घालू? कोणाला जागा बदलायची असेल तर आत्ताच बदला.”

तायेब सुटलाच. त्याच्यामागे बाकीचे नऊ. सोफियानच्या पाठीशी ढकलाढकली सुरू झाली.

लुत्फीच्या डोक्यात तिडीक गेली होती. पाच महिने, आजीचा मार, सगळं काकांच्या पोरासाठी. त्याचाही एक पाय उचलला गेला. नऊ नंबर तिकडे होता. मग त्याला झिनेबची ती दोन रिकामी पावलं आठवली, आणि उचललेला पाय त्याने होता तिथे ठेवला. नऊ नंबरचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खोटं कशाला बोला, त्याला इथेच उभं राहायचं होतं.

“तू नाही जात?” शेखांनी विचारलं.

“नाही. मला हेच खेळायचंय.”

शेखांनी अकराही स्ट्रायकरांना चेंडू देऊन एकेक करून त्याच्या अंगावर सोडलं. तिघे निसटले. आठ जण चेंडू मागे ठेवून पुढे पळाले. सोफियान त्या आठांतला, आणि तो इतका जोरात होता की थेट कुंपणापाशी, बापासमोर जाऊन थांबला.

शेखांनी वहीत लुत्फीचं नाव लिहिलं. मग विचारलं, “काय रे, लेफ्ट बॅक व्हायचं तुला सुचलं कसं?”

“जिलालीकाकांनी सांगितलं.”

शेख मनापासून खूश झाले. कुंपणाकडे वळून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “वा जिलाली, लाख मोलाचा सल्ला दिलास की. मग स्वतःच्या पोराला का नाही दिलास?”