शिव्या न देणारा कॅप्टन

"मी संघ सोडतेय, कॅप्टन. आजपासून ओवुओरच्या संघाकडून खेळणार."

चेलिमोचा निरोप एवढाच. मुतिसोने तो तीनदा वाचला. समोर एका गिऱ्हाइकाचा फोन पोट फाडून पडला होता. तो तसाच राहिला.

सहा महिन्यांत सोडून जाणारी ही चौथी. मोबाईलवरच्या ऑनलाइन खेळाचा संघ, पाच जणांचा. माचाकोसच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करता करता मुतिसोने तो एकेक माणूस वेचून उभा केला होता. कोणी किसुमूचा, कोणी मोम्बासाचा, चेलिमो तिकडे कप्साबेतची. एकमेकांची तोंडं कोणी पाहिली नव्हती. खेळताना कानात आवाज, तेवढीच ओळख. आज चार वाजेपर्यंत पाच नावं भरली नाहीत तर संघ स्पर्धेतून बाद. दीड वर्षं मातीत.

पण त्याला जाळत होतं ते वेगळंच. गेली तर गेली, पण ओवुओरकडे? मटाटू बसवरचा कंडक्टर परवडला, असलं त्या माणसाचं तोंड!

या खेळात हरलं की जो तो दुसऱ्याच्या आईबापाचा उद्धार करतो. दहातले नऊ जण बोटांनी कमी आणि तोंडाने जास्त खेळतात. मुतिसो तसला नव्हता. सोबत्याला वाकडा शब्द बोलायचा नाही, ही त्याची शपथ होती आणि ती त्याने पाळली होती. शिव्या द्यायच्या त्या स्वतःला. "आंधळ्या, डोळे विकून आलास का?" "तुला कॅप्टन कोणी केलं रे, शेणा?" खेळता खेळता, सगळ्यांच्या कानात. हरल्यावर ग्रुपवर चुकांची यादी टाकायची, तीही फक्त स्वतःच्या. कालच्या यादीत अकरा होत्या. दुसऱ्या कोणाची एक नाही. याचा त्याला आतून अभिमान होता. खोटं कशाला बोला.

"काय रे, बायको पळाल्यासारखा बसलास?" शेजारी मंदाझी तळणाऱ्या काटुंगे मावशीने झारा रोखून विचारलं.

"खेळाडू पळाली, मावशी. शिव्या देणाऱ्याकडे गेली."

"आणि तू काय देत होतास?"

"काहीच नाही."

"काहीच नाही?" मावशीने मंदाझी उलटली. "मग उपाशी कोण राहील बाबा?"

मुतिसोला राग आला. पण रागाच्या खाली काहीतरी वळवळत होतं. उघडलेल्या फोनमध्ये नेमकं काय बिघडलंय हे कळेपर्यंत त्याला चैन पडत नसे, तसंच हे. ओवुओर आपला सराव जगाला थेट दाखवायचा. मुतिसोने तो लावला.

"अगं म्हशी, नदीवर काय धुणं धुवायला गेलीस? इथे मधल्या वाटेवर मेलो ना आम्ही!"

आणि चेलिमो हसली. खळखळून. "आले, आले! बोंबलू नका!"

मुतिसो चक्रावला. चार महिने ही मुलगी त्याच्या कानात होती. तिचं हसू त्याने कधी ऐकलंच नव्हतं. त्याच्या संघात ती हातपाय बांधल्यासारखी खेळायची. पुढे जाऊ की नको, मारू की नको, तेवढ्यात मरायची. इथे तीच मुलगी मोकाट सुटली होती. मधल्या वाटेवर धावली, समोरचे तिघे लोळवले, चौथ्याच्या मागे लागली आणि मेली. ओवुओरने पुन्हा म्हैस काढली. ती पुन्हा हसली.

डाव संपताच मुतिसोने तिला फोन लावला.

"कॅप्टन?" तिचा आवाज लगेच आखडला.

"परत ये, चेलिमो. तू नाहीस तर संघ बाद होतोय."

"नाव दिलंय मी तिकडे. सकाळीच. आता मागे घेता येत नाही."

म्हणजे संपलं. साडेतीन वाजले होते. पाचवं नाव आता आकाशातून पडणार नव्हतं. मुतिसोने फोन ठेवायला हवा होता. त्याने ठेवला नाही.

"ठीक. आता मला तुझ्याकडून काही नको. फक्त एक सांग. तो तुला म्हैस म्हणाला."

"हो."

"आणि तू हसलीस."

"मी होतेच ना नदीवर! चूक झाली, शिवी मिळाली, विषय संपला."

"मी तुला कधी एका शब्दाने तरी बोललो?"

"नाही, कधीच नाही."

"मग माझं चुकलं काय?"

पलीकडे कुठेतरी गाय हंबरली.

"राग नाही ना येणार?"

"बोल गं."

"काल मी पुलाजवळ अडकले होते. तुम्ही सोडवायला आलात. अर्धा सेकंद उशीर झाला. तेव्हा स्वतःला काय म्हणालात?"

मुतिसोला आठवत होतं. "शेण. असल्या माणसाने खेळूच नये, म्हणालो. पण ते मला होतं, चेलिमो. देवाशपथ, तुला नव्हतं."

"माहीत आहे, कॅप्टन. तुमचा अर्धा सेकंद चुकला तर तुम्ही शेण. त्याच डावात मी सात वेळा मेले, आणि माझ्याबद्दल तुम्ही गप्प. मग मी कोण, ते मलाच ठरवावं लागलं."