शेवंताचं कॉलेज

"इतके मार्क असताना दिल्लीचं कॉलेज सोडून इथं कशाला?" मुलाखतीत प्राध्यापकांनी शेवंताला विचारलं.

"वन्यजीव व्यवस्थापन तुमच्याकडूनच शिकायचंय, सर."

ते सुखावले. सात वर्षांपूर्वी ते वनाधिकारी होते. जखमी वाघिणीच्या मागावर त्यांनी शेवंताच्या वनमजूर वडिलांना नुसती काठी देऊन पाठवलं. वाघिणीनं त्यांना मारलं. अहवालात याच साहेबांनी लिहिलं, 'मजूर दारू प्यायला होता.' बाबांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता.

"मी दसरू कुमरेंची मुलगी," ती म्हणाली. "वर्गात हल्ल्याचा तपास शिकवाल, तेव्हा उदाहरण मी देईन. चारही वर्षं."

प्राध्यापकांचा चेहरा उतरला. पण गुणवत्ता यादीत पहिलं नाव तिचंच होतं, नाकारणार कसं? त्यांनी प्रवेशाच्या अर्जावर सही केली. शेवंता डोळे भरून पाहत राहिली.